व्यासपीठामागचं पोस्ट

टपाल खात्याच्या भरतीची जाहिरात माझ्या बायकोनं आधी स्वतः वाचली आणि मग मला मोठ्यानं वाचून दाखवली. ग्रामीण डाक सेवक. परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या गुणांवर निवड. सायकल चालवता आली पाहिजे. आणि शाखा पोस्टमास्तर व्हायचं असेल, तर त्याच गावात राहायचं आणि पोस्टासाठी एक खोलीही आपणच द्यायची.

मी इतिहासाचा एम.ए. बारामतीत तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे तास झाला तर प्राध्यापक, नाही झाला तर जळोचीचा एक रहिवासी. मी म्हणालो, "दहावीवर असेल तर माझा काही उपयोग नाही."

ती म्हणाली, "तुमच्याबद्दल कोण बोलतंय?"

तिला दहावीला त्र्याण्णव टक्के होते. लग्नानंतर ती गुणपत्रिका कपाटाच्या लॉकरमध्ये गेली आणि तिथं दागिन्यांच्या पावत्यांसोबत राहू लागली. त्यानंतर तिच्याबद्दलचा कुठलाही कागद असो, बँकेचा, रेशनचा, मुलीच्या शाळेचा, व्यवसाय या रकान्यात कुणीतरी तिला न विचारताच 'गृहिणी' लिहून टाकायचं. बहुतेक वेळा तो कुणीतरी मी असायचो. त्या दिवशी ती चहा गाळताना एवढंच म्हणाली, "मला एक शिक्का पाहिजे. माझ्या हातातला. मी मारल्याशिवाय पत्र पुढं जाणार नाही असा." यानंतर त्या नोकरीबद्दल ती फारसं बोलली नाही. बोलण्याचं काम इतरांनी केलं.

सर्वांत आधी माझ्या वडिलांनी. त्यांना सगळे तात्या म्हणतात. भरतीत परीक्षा नाही याचं त्यांना काही वाटलं नाही, पण मध्ये माणूसच नाही हे त्यांना पटेना. आमच्या भागात ट्रान्सफॉर्मरपासून वसतिगृहातल्या खाटेपर्यंत कुठलीही गोष्ट मिळवायची तर आधी कुणाच्या तरी कानावर घालावी लागते. ज्याच्या कानावर घालायचं त्याच्या दारात बसावं लागतं. या बसण्यात तात्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं, आणि ते त्यात वाकबगार. आता सरकारनं एकाएकी दारच ठेवलं नाही म्हटल्यावर त्यांना ते खात्याचं दुर्लक्ष वाटलं. त्यांनी कुठूनतरी एक शिफारसपत्र आणलंच. एसटी स्टँडजवळच्या नेट कॅफेत आम्ही अर्ज भरायला बसलो, तर तेही मागं उभे.

"हे जोड त्याला," त्यांनी पत्र पुढं केलं.

कॅफेवाला म्हणाला, "तात्या, शिफारशीला जागाच न्हाय यात. फोटो आन् सही, बास."

"मग निवड कोण करतंय?"

"कंप्युटर."

"आन् कंप्युटरला कोण चालवतंय? त्याला भेटू की."

कॅफेवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. बायकोनं शांतपणे पसंतीची गावं निवडली. पहिली पसंती शेळगावच्या पुढच्या एका वस्तीला. ती इंदापूर तालुक्यात, पण आमच्यापासून मोटारसायकलच्या टप्प्यात. तिथले जुने पोस्टमास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पडवीतलं पोस्टही त्यांच्याबरोबर निवृत्त झालं होतं.

सायकलचं तात्यांनी मनावर घेतलं. शेजाऱ्याची सायकल आणून अंगणात उभी केली आणि म्हणाले, "सूनबाई, जरा दाखवा." ती शाळेला रोज सायकलनं गेलेली. पदर खोचून कॅनॉलच्या कडेनं दिसेनाशी झाली, ती परत आली तेव्हा कॅरिअरला मेथीच्या दोन जुड्या होत्या. तात्या खूश झाले. म्हणाले, "हे तरी कुणाला सांगावं लागणार न्हाय."

खोलीचं मात्र सांगावं लागलं. निकालाला अवकाश होता, पण जागा आधी बघून ठेवावी म्हणून तात्या मला घेऊन त्या वस्तीवर गेले, आणि इथून गोष्ट आमच्या हातातून गेली.

वस्तीवर दोन मोठी माणसं. एक आबा, सोसायटीचे माजी चेअरमन. दुसरे सरपंच. सरपंच म्हणजे सरपंचबाईंचे पती. निवडून बाई आल्या होत्या, पण हाक त्यांच्या यजमानांना मारायची पद्धत होती. कागद पुढं आला की यजमान कुठं सही करायची तिथं बोट ठेवायचे आणि बाई त्या बोटाशेजारी सही करायच्या. हे मला कुणी खासगीत सांगितलं नाही. ते सगळ्यांसमक्षच चालायचं.

आबांनी आम्हाला चहा पाजला आणि खोली दाखवली. तिच्यात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी होती. "उद्या रिकामी करतो," ते म्हणाले. "पोस्ट हितं आलं म्हंजी सगळी वस्ती हितं येणार. म्हाताऱ्यांचे पैसे, पोरांचे कॉल लेटर, सगळं आपल्या दारात." ते पोस्टाविषयी बोलत होते, नजर मात्र दाराकडं, जणू रांग लागलेली दिसत होती.

आम्ही गाडीला किक मारेपर्यंत सरपंच हजर. "मास्तर, नळ्यांच्या खोलीत पोस्ट ठेवता व्हय? आमच्या खताच्या दुकानाला लागून खोली हाय. फरशी हाय, फॅन हाय."

मी म्हणालो, "अजून निकाल लागलेला नाही."

"ते आमी बघतो," दोघं एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडं पाहायचं टाळलं.

काय बघणार होते देव जाणे. पण चार दिवसांनी आबांचा फोन आला, की सूनबाईंचा सत्कार ठेवलाय. मी म्हणालो, "आबा, निवड झालेली नाही." ते म्हणाले, "म्हनूनच. निकाल लागल्यावर तर कुनीबी करील. पयला सत्कार आपला पायजे." तासाभरात सरपंचांचाही फोन. त्यांचाही सत्कार, तोही त्याच दिवशी. वस्तीत व्यासपीठ एकच, तेव्हा कार्यक्रम संयुक्त झाला.

बायको म्हणाली, "मी जाणार नाही. झाली नाही निवड तर तोंड कुठं लपवू?" तात्या म्हणाले, "न्हाय गेलो तर खोली कोन देईल?" बायकोनं साडी बदलली. आम्ही गेलो.

वस्तीच्या तोंडाशीच फ्लेक्स. 'नवनियुक्त पोस्टमास्तर यांचे हार्दिक अभिनंदन.' वर आबा आणि सरपंच, दोघांचेही हात जोडलेले, चेहरे सारख्याच मापाचे. त्यावरून म्हणे छपाईवाल्याकडं बरीच वाटाघाटी झाली होती. खाली तात्या. तात्यांच्या शेजारी मी, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. बायको कुठंच नव्हती. मी विचारलं, तर एक कार्यकर्ता समजुतीच्या सुरात म्हणाला, "बायामानसांचा फोटू चौकात बरा दिसत न्हाय, सर."

व्यासपीठ मात्र पाहण्यासारखं होतं. आमच्याकडं शाळेला छत नसलं तरी चालतं, सत्काराला पक्कं बांधकाम लागतं. सिमेंटचा उंच चौथरा, वर पत्रा, मागं एक बंद खोली. पुढच्या भिंतीत दोन कोनशिला, डाव्या बाजूला आबांच्या गटाची, उजव्या बाजूला सरपंचांच्या. एकाच बांधकामाचं दोनदा उद्घाटन झालं होतं.

मला आणि तात्यांना वर बसवलं. बायकोसाठी वर खुर्ची नव्हती. "वहिनींना मागं बसू द्या, सरपंचबाई हायेत तितं," असं ठरलं, आणि ती मागच्या खोलीत गेली. त्या खोलीत शाली, नारळ, फेट्यांची कापडं आणि हार ठेवायचे. किल्ली सरपंचबाईंकडं असायची, कारण झाडायचं त्यांनाच असायचं. पुढं मोठी माणसं माझ्या बायकोचा गौरव करत होती आणि मागं त्या दोघी नारळ मोजून पुढं सरकवत होत्या.

मला फेटा बांधला. शाल घातली. बायकोच्या दहावीच्या गुणांबद्दल मी माझ्या खांद्यावर शाल घेतली, हे नीट लक्षात येईपर्यंत दुसरी शाल आली. आबा माइकवर म्हणाले, "आमी वरपर्यंत शब्द टाकला, आन् वस्तीला पोस्ट मिळालं!" सरपंच म्हणाले, "काही लोक शब्द टाकतात, आमी पाठपुरावा करतो!" मग मला बोलायला लावलं. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "निवड गुणांवर, कंप्युटरनं होणार आहे, आणि निकाल अजून लागलेला नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालकानं माझ्या विनयाचं विशेष कौतुक केलं.

परत येताना बायको गाडीवर मागं बसली होती. जळोची आल्यावर म्हणाली, "खोली कोरडी आहे. खिडकी पूर्वेला आहे." मला वाटलं ती कुठल्यातरी घराबद्दल बोलतेय.

निकाल लागला. यादीत तिचं नाव होतं, पहिल्याच पसंतीच्या ठिकाणी. ती मोबाइलवर ती एक ओळ बोटांनी मोठी करून पाहत राहिली. तात्या शिफारसपत्र खिशातून काढून म्हणाले, "बघ, वाया न्हाय गेलं." ते पत्र त्या खिशातून कधी बाहेरच पडलं नव्हतं.

कागदपत्रं तपासली गेली. आता फक्त खोली. डाक निरीक्षक येऊन जागा बघणार, ठरलेल्या मुदतीत जागा नसेल तर निवड रद्द आणि यादीतलं पुढचं नाव. मी आबांना फोन केला. आबा म्हणाले, "आपल्याच खोलीत येनार ना? त्या खताच्या दुकानात गेलात तर आमचा एक मानूस तिकिटाला सुदिक त्या उंबऱ्याला यायचा न्हाय." सरपंचांना फोन केला. "नळ्यांत जाऊन बसलात तर आमची सगळी खाती शेळगावला हालवतो. खातीच न्हाईत तर पोस्ट कशाला ठेवतील?" मी दोघांना एकत्र बसवायचा प्रयत्न केला. दोघं एकत्र बसले, आणि दोघांनी एकत्रच खोली द्यायला नकार दिला. त्यांच्यात झालेलं ते पहिलं एकमत. आबांनी नळ्या परत आत ठेवल्या. सरपंचांनी त्यांच्या खोलीत युरिया रचला.

वस्तीतलं तिसरं कुणी खोली देईना. द्यायची म्हटलं तर दोन्हीकडून नाराजी. मुदत संपत आली. तात्या पुन्हा कुणाच्या तरी दारात बसायला निघाले. बायकोनं त्यांना थांबवलं, शेजाऱ्याची सायकल मागून घेतली, मग विचार बदलून माझ्या मोटारसायकलची किल्ली घेतली. "मला सोडा वस्तीवर," ती मला म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर थांबा."

ती सरळ सरपंचबाईंच्या स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच्या ओट्यावर बसलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"ती मागची खोली पाहिजे मला," बायको म्हणाली. "व्यासपीठाच्या मागची. ग्रामपंचायतीची जागा चालते, मी निरीक्षकांना विचारलंय."

"आन् नारळ कुठं ठेवायचं गं?"

"नारळ आबांच्या खोलीत राहतील."

दोघी हसल्या. मग सरपंचबाई म्हणाल्या, "कागद आनलाय का? का त्यांना बोलवू?"

"आणलाय. त्यांना कशाला?"

थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. बाहेर आल्यावर बायकोनं मला संमतिपत्र दाखवलं. सही जरा वर, ठिपक्यांच्या रेघेच्या बाहेर गेली होती. बाई म्हणाल्या होत्या म्हणे, "बोट नसलं की अंदाज येत न्हाय."

सरपंचांना कळलं तेव्हा ते ग्रामपंचायतीत जाऊन बसले, पण करणार काय? व्यासपीठाला विरोध करायचा तर उजव्या कोनशिलेचं काय? आबांनाही डावी कोनशिला आडवी आली. दोघांनी मासिक सभेत पोस्टाची खोली आपणच दिल्याचं सांगितलं आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. निरीक्षक आले, खिडकी पाहिली, कोपऱ्यात राहिलेला एक फेटा पाहिला, आणि वहीत लिहिता लिहिता विचारलं, "पत्ता काय घालू?"

"व्यासपीठामागे," बायको म्हणाली.

आम्ही आता वस्तीवर दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. मी तासांसाठी बारामतीला ये-जा करतो. तात्या जळोचीतच आहेत, पण अधूनमधून येऊन पोस्टाच्या बाकावर बसतात. बसायला दार मिळालं याचं त्यांना समाधान आहे.

पोस्ट सुरू झाल्यावर अर्थातच पुन्हा सत्कार ठेवला गेला, निकालानंतरचा, खरा. बायको म्हणाली, "कामाच्या वेळेत मला जमणार नाही." आयोजकांना अडचण वाटली नाही. त्यांनी पुन्हा मला बसवलं. फेटा बांधला. आबा बोलायला उभे राहिले, हातात माझ्यासाठीचा नारळ, काखेत शाल. शब्द कुठपर्यंत टाकला होता ते सांगण्याच्या ते अगदी बेतात होते. इतक्यात मागचं दार उघडलं आणि बायको व्यासपीठावर आली. तिच्या हातात एक रजिस्टर्ड पत्र होतं.

"आबा, तुमचं आहे. सही लागेल."

"आत्ता?"

"टपाल आत्ता आलंय."

आबांनी नारळ माझ्या मांडीत ठेवला, शाल सूत्रसंचालकाच्या हातात दिली, चष्मा शोधला. माइक चालूच होता. समोर पहिल्या रांगेत सरपंचबाई खुर्चीवर बसल्या होत्या, यजमान त्यांच्या शेजारी. पेन हातात घेऊन आबांनी विचारलं, आणि ते सगळ्या वस्तीला ऐकू गेलं:

"कुठं करू?"

माझ्या बायकोनं कागदावर बोट ठेवलं. आबांनी त्या बोटाशेजारी सही केली. ती आत गेली, दार लोटलं, आणि भाषण पुन्हा सुरू व्हायच्या आत खोलीतून शिक्का मारल्याचा आवाज आला. एक, मग लगेच दुसरा.