तेलाच्या डब्याची तलवार

माझा मुलगा विपुल आयुष्यात एकदाच पोलीस ठाण्याची पायरी चढला, आणि त्याला तिथवर नेणारा गुन्हेगार मी आहे. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मला वाचवणारं एकही वाक्य नाही.

मी पडेगावात राहतो आणि शाळेत कार्यानुभव शिकवतो, म्हणजे पोरांकडून कागदाची फुलं करून घेतो. स्नेहसंमेलनातल्या नाटकासाठी मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून एक तलवार बनवली होती. पुढच्या बाजूला बायकोच्या स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल, आणि मूठ मोडक्या बॅटच्या दांड्याची. (मागच्या बाजूला 'शुद्ध शेंगदाणा तेल' ही अक्षरं तशीच राहिली होती, पण सेनापतीनं प्रेक्षकांना तलवारीची पाठ दाखवायची नाही, अशी मी सक्त ताकीद दिली होती.) पडदा उघडला आणि शेवटच्या ओळीतलं एक पोरगं भीतीनं रडायला लागलं. त्या रडण्यानं माझं डोकं जे फिरलं, ते फिरलंच!

विपुल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. वाळूजच्या एका कंपनीत त्याची निवड झालेली. फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायचा बाकी होता. माझे वडील वाळूजला कंपन्यांच्या भिंती बांधायला जात. त्या भिंतींच्या आत खुर्चीवर बसणारा आमच्या घरातला हा पहिलाच.

अशात त्याचा वाढदिवस आला.

"पप्पा, काही करू नका हां," विपुल म्हणाला.

आता माझा स्वतःचा वाढदिवस म्हणजे एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आपल्या सोयीनं टाकलेला. त्या दिवशी केक सोडा, कुणी मला चहात बुडवायचं बटरसुद्धा दिलं नाही. त्यामुळं 'काही करू नका' याचा अर्थ मी 'धुमधडाका करा' असा घेतला. आमच्या भागातली पोरं भर रस्त्यात गाडीच्या सीटवर केक ठेवून तलवारीनं कापतात. माझ्या पोरानं काय घोडं मारलंय? शिवाय तलवार तर घरातच होती!

संध्याकाळी मी स्कूटर गल्लीच्या मधोमध उभी केली. तिच्या सीटवर केक ठेवला. विपुलच्या हातात तलवार दिली. त्यानं असा चेहरा केला, जसा लोक दुसऱ्याचं रडकं बाळ हातात दिल्यावर करतात.

"मार!" मी ओरडलो.

त्यानं तलवार केकवर ठेवली. केक जागचा हलला नाही, तलवार मात्र मधोमध वाकली.

"अहो, वाकली की!" मोबाईलवर व्हिडिओ काढणारी बायको, संगीता, हसत म्हणाली.

"वाकली नाय, लवचीक आहे!"

"लवचीक म्हणं! पोळी लाटू का तिच्यावर?"

शेवटी तिनंच घरातनं भाजीची सुरी आणली आणि केक कापला.

इथं थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी बायकोकडनं तो व्हिडिओ मागवून घेतला, त्यातला वाकलेला भाग, सुरी आणि बायकोचं हसणं छाटून टाकलं आणि विपुल तलवार उंच धरून उभा आहे एवढाच तुकडा ठेवला. मागं वाघाची डरकाळी लावली. वर लिहिलं, 'पडेगावचा वाघ!' आणि विपुलच्या नावासकट सोशल मीडियावर टाकलं. (ज्याला मांजरीचं पिल्लू अंगावर आलं तरी घाम फुटतो, त्याच्याबद्दल!)

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"विपुल साळवे तुमचा कोण?"

"मुलगा."

"उद्या ठाण्यात घेऊन या. तलवारबी आणा."

दाखला ज्यांनी द्यायचा, तेच बोलवत होते! मी सरळ शेजारच्या दांडगे तात्यांकडं धावलो. तात्यांचा मेहुणा एकदा कोर्टात साक्षीदार होता, त्यामुळं गल्लीतला कायदा तात्यांकडं असतो.

"सर, लई सोपंय," तात्या सुपारी कातरत म्हणाले. "पुरावाच ठेवायचा नाय. तलवारच नाय तर गुन्हा कसला?"

मी व्हिडिओ उडवला. माझ्या मोबाईलमधला मूळ व्हिडिओही उडवला. तलवार दारावर आलेल्या भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकली. एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

विपुल कॉलेजातनं आला. "पप्पा, तलवार कुठंय?"

"कसली तलवार?" (हे उत्तर मी आरशासमोर पाठ केलं होतं.)

"पप्पा! ती खोटी होती हे दाखवायला तीच लागणार होती ना!"

मी चप्पल न घालता भंगारवाल्याच्या मागं धावलो. त्याच्या दुकानात पोहोचलो तोवर माझी तलवार डालड्याच्या डब्यांसोबत चेपून गठ्ठ्यात गेली होती.

"कौनसी तलवार, चचा? इधर तो सब पत्राच है," तो म्हणाला. माझ्या कलेला मिळालेली ही पहिली प्रामाणिक दाद.

त्या रात्री विपुल जेवला नाही. सकाळी म्हणाला, "मी नाझियाला विचारतो." नाझिया त्याची अकरावीपासूनची मैत्रीण, आता लॉ कॉलेजला शिकते आणि तिथल्या विधी सहाय्य कक्षात बसते. तात्या सोडून दुसऱ्या कुणाला कायदा येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

कक्षाबाहेर पोरांची ही गर्दी! एकाच्या कॉलेजनं मूळ कागदपत्रं अडवून ठेवलेली, एकीला कुणी फोटो पाठवून त्रास देत होतं, एकाच्या खोलीला घरमालकानं परस्पर कुलूप ठोकलेलं. पण बापानं अडकवलेला विपुल एकटाच.

नाझियानं सगळं ऐकून घेतलं. "अंकल, तलवार फेकली?"

"व्हय."

"व्हिडिओ पण?"

"व्हय."

"अजून काही करायचं राहिलंय का?"

तिनं आम्हाला कक्ष सांभाळणाऱ्या तिच्या सरांशी बोलायला लावलं, मग जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात नेलं. तिथं आम्हाला वकीलबाई मिळाल्या, त्याही फुकट. (आमच्यासारख्यांना हा हक्क आहे हे मला माहीतच नव्हतं. तात्यांनाही नव्हतं.) बाईंनी साधं सांगितलं, "खोटं बोलायचं नाही. वाचल्याशिवाय कुठंही सही करायची नाही. आणि सर, तुम्ही तर बोलायचंच नाही."

तेवढ्यात आमच्यासोबत आलेली, मागं बसलेली संगीता म्हणाली, "माझ्या मोबाईलमधी अजून सगळाच व्हिडिओ आहे की. वाकलेलीबी आहे. सिल्लोडच्या ताईला हसायला पाठवला होता."

मी छाटलेला तुकडा गुन्ह्याचा होता, आणि मी टाकून दिलेला भाग सुटकेचा!

वकीलबाई आमच्यासोबत ठाण्यात आल्या. तिथं फौजदारसाहेबांनी संगीताच्या मोबाईलवर व्हिडिओ लावला. तलवार वाकली. साहेबांनी परत लावला. वाकलेल्या पात्याच्या पाठीवर ठळक दिसलं, 'शुद्ध शेंगदाणा तेल.' साहेबांनी हवालदाराला हाक मारली, हवालदारानं बाकीच्यांना. टेबलाभोवती आख्खं ठाणं जमून हसायला लागलं. विपुलच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला.

"हिनं तर वांगंबी कापणार नाय!" हवालदार म्हणाला.

आता मी गप्प बसायचं होतं. एवढंच काम होतं मला.

"असं कसं, साहेब?" मी उसळलो. "लई दहशत होती तिची! शेवटच्या ओळीतलं पोरगं रडलं होतं!"

साहेबांनी व्हिडिओ थांबवला. टेबलाखालून विपुलनं माझा पाय असा चेपला की मला कळवळून खाली बसावं लागलं. वकीलबाई घाईघाईनं म्हणाल्या, "साहेब, हे क्राफ्टचे शिक्षक आहेत."

"ते दिसतंयच," फौजदारसाहेब म्हणाले. मग विपुलकडं वळले. "बेटा, तुझ्या दाखल्याला काही अडचण नाय. पण सर, रस्ता अडवून लोकांना शस्त्राची भीती घालणारे व्हिडिओ टाकायचे नाय. पोरं तुमच्याकडं बघून शिकतात." माझा जबाब लिहून घेतला. मी तो आधी वाचला, मग सही केली.

संगीताला रिक्षात बसवून आम्ही दोघं घरी येताना नगर नाक्याच्या पुढं मी स्कूटर कडेला घेतली.

"विपुल, माफ कर रे. वाढदिवस तुझा होता आणि मिरवलो मी. तू नको म्हणाला होतास, ते मला नीट ऐकू आलं होतं. तुझी नोकरी जाता जाता राहिली. चूक माझीच."

तो म्हणाला, "जाऊ द्या, पप्पा. पुढच्या वर्षी केक घरात कापू. साध्या सुरीनं."

"साध्या सुरीनं. शब्द देतो!"

मी स्कूटर चालू केली. माझं मन भरून आलं होतं. त्याच भरात मी म्हणालो, "विपुल, सुरी मी बनवली तर चालेल?"

तो स्कूटरवरून उतरला आणि चालायला लागला. मी त्याच्या मागं गाडी हळूहळू चालवत, पडेगाव येईपर्यंत पुन्हा पहिल्यापासून माफी मागत होतो.