दोराची ढील

कोरेवाडीत फौजी घरटी एक सापडेल, पण जहाजावर नोकरी केलेला माणूस एकच, लालासाहेब. पोरगं सैन्यात गेलं तर गावात कुणी मान वर करून बघत नाही. हे नौदलात गेले तेव्हा मात्र सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. विहिरीत पोहणारा गडी समुद्रावर काय दिवे लावणार, म्हणाले. त्यांनी लावले. मिशा पांढऱ्या करून परतले तेव्हा उसाच्या बांधावरही डावीकडे 'पोर्ट' आणि उजवीकडे 'स्टारबोर्ड' म्हणत चालायचे. त्यांच्या पत्नी चंद्राबाई खंडाळा तालुक्याकडच्या, कोरड्या मुलखातल्या. त्या पानावर वाढताना विचारायच्या, "आवं, चटणी पोर्टला वाढू का स्टारबोर्डला?" लालासाहेब गंभीरपणे सांगायचे, "पोर्टला."

थोरले भाऊ हिंदुराव, घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. धाकटा समुद्रावर असताना दोघांची शेती आण्णांनी एकट्यानं ओढली. चंद्राबाईंना लेकीसारखं सांभाळलं, वाटणीचा शब्द कधी तोंडातून काढला नाही. असे भाऊ आता कुठं मिळतात? लालासाहेबांची मान कुणापुढं आपोआप खाली जात असेल, तर ती आण्णांपुढं.

निवृत्तीनंतर लालासाहेबांनी हौसेनं एक लाकडी होडी घेतली होती. "ऊस वाहायचा का तिच्यातनं?" म्हणून लोक चेष्टा करायचे. एकोणीसच्या पुरात त्याच लोकांना तिनं दिवसभर काढून पलीकडे पोचवलं. घरची माणसं सगळ्यांत शेवटी, असा आण्णांचा दंडक. त्यामुळे दिवस मावळला तेव्हा घरचेच मागे राहिले होते आणि चंद्राबाईंच्या छातीत दुखायला लागलं होतं. काळोखात त्या धारेत होडी घालणं म्हणजे मरण. उजाडताच निघायचं ठरलं.

"तू तिच्यापाशी बस, लाला. होडी मी बांधतो," आण्णा म्हणाले.

त्यांनी ती बाहेरच्या जिन्याच्या लोखंडी कठड्याला बांधली. दावणीला खोंड बांधावा तशी, आखूड आणि करकचून. मागच्या एका पुरात कडब्याच्या गंजी डोळ्यांदेखत वाहून गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. जे आखूड बांधलं ते घरात राहिलं, हे त्यांचं आयुष्यभराचं शहाणपण, आणि जमिनीवर ते कधी खोटं पडलं नव्हतं.

रात्रीत पाणी पुरुषभर चढलं. पहाटे लालासाहेब जिन्यावर आले तर होडी दिसेना. ते चार पायऱ्या पाण्यात उतरले, वाकून हात घातला. हाताला गाठ लागली आणि गाठीखाली तारेसारखा ताणलेला दोर. होडीला पाण्याबरोबर वर यायला जागाच नव्हती. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली ओढली गेली होती आणि ती भरून बुडाली होती. वरून आण्णांची पावलं वाजली. लालासाहेबांनी कमरेचा विळा काढला, पाण्यातल्या पाण्यात दोर कापला आणि गाठही सोडवून टाकली.

"दोर तुटला, आण्णा. गेली वाहून."

चंद्राबाईंनी सकाळभर दोनदा विचारलं, "निघाली का हो होडी?" लालासाहेब म्हणाले, "निघतीया." मदतीची बोट आली तेव्हा दुपार झाली होती. तोवर सगळं संपलं होतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं आण्णा दोर विकणाऱ्याला शिव्या घालत आले. लालासाहेब ऐकून घ्यायचे. बायको गेल्याचं दुःख मोठंच. पण ते उघडपणे रडता तरी येत होतं. हे दुसरं एकट्यानं गिळायचं होतं.

यंदा गावाला नवी होडी मिळाली. तरण्या पोरापोरींचं पथक तयार झालं आणि शिकवायला लालासाहेबांशिवाय होतं कोण? घाटावर रोज वर्ग भरायला लागला. पोरं लालासाहेबांना नाना म्हणायची. वरामा म्हणजे होडीचं मागचं टोक, तिथं सुकाणू. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाळ उजवीकडे वळते. नांगर म्हणजे काय, विचारल्यावर अख्खा घाट हसला, कारण तो तर प्रत्येकाच्या परड्यात होता. होडीचा नांगर तळाला रुतून बसतो आणि होडीला जागेवर धरतो, हे त्यांनी समजावलं. आण्णा काठी टेकत रोज यायचे, वरच्या पायरीवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "लाला शिकवतुया."

सगळं शिकवून झालं, फक्त होडी बांधायची कशी, एवढं राहिलं. ग्रामपंचायतीतली माया पथकाची म्होरकी. तिनं दोनदा विचारलं. "उद्या बघू," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. आण्णांना मलकापूरला त्यांच्या लेकीकडं धाडायचा बेतही करून पाहिला.

"तुझं शिकवणं सोडून मी कुठं जाऊ रं?" आण्णा म्हणाले.

मग वर पाऊस वाढला. कोयनेतून पाणी सोडणार असल्याची दवंडी फिरली. माया घाटावर दोर घेऊन उभी राहिली. "नाना, आज होडी बांधायला लागंल. कशी बांधू?"

लालासाहेबांनी आण्णांच्या पायरीकडं बघितलं नाही. न सांगावं तर उद्या कुणाच्या तरी घरची चंद्राबाई होडीची वाट बघत राहणार.

"ढील सोडायची," ते म्हणाले. "जेवढं पाणी चढंल वाटतंय, त्याच्या कितीतरी पट दोर मोकळा ठेवायचा. होडी पाण्यासंगं वर आली पायजे. आखूड बांधली तर वाहत न्हाई, जाग्यावर बुडती."

पोरं पुन्हा पुन्हा ढील मोजत राहिली. लालासाहेबांनी मागं वळून पाहिलं तेव्हा वरची पायरी रिकामी होती.

जेवणाच्या वेळी आण्णांनी भाकरीला हात लावला नाही.

"दोर तुटला न्हवता," आण्णा म्हणाले.

"जेवा, आण्णा."

"तुला तवाच कळलं हुतं?"

लालासाहेब खोटं बोलायला गेले, पण या माणसापुढं जीभ उचलेना. "व्हय."

"आन इतकी वर्सं माझ्यासंगं एका पंगतीला बसलास."

"ती गेली. मग कुणासंगं बसायचं हुतं मी?"

आण्णा ताट सारून उठले.

पूर आला तसा गेला. होडी पाण्याबरोबर चढली, पाण्याबरोबर उतरली, एक माणूस दगावला नाही. लालासाहेबांचा शाल घालून सत्कार झाला. आण्णा आता गोठ्यात जेवतात. त्यांची सून ताट तिथंच नेऊन देते. लालासाहेब आपलं ताट घेऊन रोज त्यांच्याजवळ जाऊन बसतात, उसाचं, पावसाचं काहीबाही बोलतात. आण्णा घास हातात धरून खाली बघत राहतात. लालासाहेब उठून गेल्यावरच तो तोंडात घालतात.