बोटीवरचा चेलो आणि सांडलेली आमटी

दिनू गेला त्याच्या आदल्या दुपारी मी त्याच्या उशाशी बसले होते. कावीळ पार डोळ्यांत उतरली होती, दोन शब्द बोलला की धाप लागत होती. अशा वेळी बहिणीनं भावाला काय विचारावं? बरं वाटतंय का, पाणी हवंय का... मी विचारलं, "दिन्या, आता तरी खरं सांग. गणपतीच्या पंगतीत तू आमटी मुद्दाम सांडलीस ना?" तो इतका हसला की नर्स धावत आली. हसणं ओसरल्यावर म्हणाला, "ताई, तू पोलिसातच जायची. लग्न करून फुकट गेलीस बघ." उत्तर काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मुखर्जीबाबूंकडे हॉस्पिटलचा फोन आला. ते आमच्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले तेव्हाच मला कळलं. रडू नंतर आलं. आधी रागच आला, की मेल्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, हे कलकत्त्यातलं आमचं सगळं भवानीपूर जाणतं. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाचं बोलणं मी सरळ घेत नाही. पण दिनूच्या बाबतीत संशय घेणारी मी एकटी नव्हते. आमच्या अप्पांनी तर त्या संशयापायी पोटच्या मुलाशी बोलणं टाकलं होतं. संशय एवढाच, की आमचा दिनू बोटीवर वाद्य वाजवतो म्हणून सांगतो, ते खरं की खोटं.

आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरकडून कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. अप्पा शाळेत गणित शिकवत. दिनू शिकला पाद्र्यांच्या शाळेत. तिथे पिंटो नावाचे गोव्याचे मास्तर मुलांना इंग्रजी वाद्यं शिकवायचे. बाकीची मुलं व्हायोलिनच्या मागे, आणि आमच्या या शहाण्यानं निवडला चेलो. माणसाच्या छातीपर्यंत येणारं ते धूड, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरायचं आणि खालचा लोखंडी खिळा जमिनीला टेकवून वाजवायचं. वाद्य पिंटो मास्तरांचं. दर शनिवारी सरावासाठी घरी आणायची परवानगी होती. ट्रामचा कंडक्टर ते चढवू द्यायचा नाही, म्हणून हातरिक्षात चेलो बसायचा आणि बाजूनं अप्पा चालत यायचे, छत्री स्वतःवर न धरता त्याच्यावर धरून. घरी आलेले नातेवाईक नाकं मुरडायचे. तबला नाही, पेटी नाही, हे काय साहेबाचं खूळ! अप्पा म्हणायचे, "वाजवू दे. मन लावून करतोय ना? मग झालं." अप्पांच्या तोंडून कौतुकाचं एवढं मोठं वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

पुढे दिनू पार्क स्ट्रीटच्या हॉटेलात वाजवू लागला. तेव्हा तिथे संध्याकाळी प्रत्येक दारातून बँडचा आवाज यायचा. मग शहराचे दिवस फिरले. कुठे बाँब फुटायचे, लोक दिवेलागणीलाच दारं लावून बसायचे. गाणंबजावणं ऐकायला कोण येणार? हॉटेलवाल्यानं बँड काढून टाकला. पिंटो मास्तर मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेले, चेलो त्यांच्याबरोबर गेला. दिनू महिनाभर नुसता गच्चीवर येरझारा घालत होता. एक दिवस येऊन म्हणाला, "मला बोटीवर नोकरी लागली. श्रीमंत गोरे लोक नुसतं फिरायला म्हणून बोटीनं जग हिंडतात, त्यांच्यासाठी चौघांचा ताफा. दोन व्हायोलिनं, त्याहून जरा मोठा एक व्हायोला आणि माझा चेलो. चहाच्या वेळी आणि जेवणाआधी दिवाणखान्यात बसून वाजवायचं. चेंबर म्युझिक म्हणतात. चेलो कंपनीचाच आहे." आईनं विचारलं, "पण बोट हलते ना रे? मग खुर्चीत बसून वाजवणार कसा?" दिनू म्हणाला, "खुर्ची पट्ट्यानं जमिनीला बांधतात." मला तेव्हाच खटकलं होतं. खुर्ची जमिनीला बांधून कुणी गाणंबजावणं करतं का? पण अप्पा खूश होते. मुंबईला बोट गाठायची म्हणून हावड्याला सोडायला गेले, आणि फलाटावर भेटेल त्याला सांगत होते.

पहिल्या सुट्टीला आला तो छान गोरा होऊन. बरोबर एक फोटो होता. बोटीच्या कठड्याशी चौघं उभे, काळे कोट, गळ्याला काळे बो. बाकी तिघे गोव्याचे. मी फोटो उजेडात नेऊन बघितला. "वाद्यं कुठायत?" "आत होती." "का?" "खारं वारं लागतं ताई, लाकूड फुगतं." उत्तर तयार होतं. तयार उत्तराचा मला नेहमीच संशय येतो. त्याचा डावा हात ओढून बोटांची टोकं दाबून पाहिली. चेलोच्या जाड तारा दाबून तिथे घट्टे पडतात, ते होते, चांगले टणक. म्हणजे वाजवतो तर खरं... मी हात सोडला.

पण दुपारी जेवायला बसताना एक गोष्ट झाली. ताटं यायच्या आत दिनूनं भांड्यात बोटं बुडवली आणि टेबलक्लॉथवर पाणी शिंपडलं. आईला भरून आलं. "बघा हो, साहेबांच्यात राहूनसुद्धा चित्राहुती विसरला नाही!" आमच्याकडे आजोबांनंतर जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून शितं ठेवणारं कुणी राहिलं नव्हतं. अप्पासुद्धा चष्म्यावरून बघायला लागले. मी मात्र पाहत होते की पाणी ताटाभोवती नाही, सगळ्या टेबलावर पडलंय, आणि वरून तो तळव्यानं कापड दाबत चाललाय. ही कसली चित्राहुती? रोज दोन्ही वेळा तेच. आई भाबडी, तिनं शेजारणींना सांगून झालं.

तो परत गेल्यावर एका रविवारी आमच्या ह्यांच्या बँकेतले एक गृहस्थ माझ्याकडे जेवायला आले, आई-अप्पाही आले होते. विलायतेला बोटीनं जाऊन आलेले. आईनं कौतुकानं दिनूची चित्राहुती सांगितली, कापड भिजवण्यासकट. गृहस्थ हसायला लागले. "अहो मावशी, ती वेटरची सवय! समुद्र खवळला की वेटर आधी टेबलक्लॉथ ओला करतात. ओल्या कापडावरून बश्या घसरत नाहीत." ते सहज बोलून गेले. अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "वेटर असला तर असू दे. कामाची लाज नाही मला. पण मी हावड्याला जगाला सांगत सुटलो, तेव्हा हा शेजारी उभा राहून ऐकत होता!"

त्यानंतर अप्पांनी दिनूचं नाव घेणं सोडलं. पत्र आलं की आई वाचायची आणि अप्पा उठून गॅलरीत जायचे. पुढच्या सुट्टीत तो आला तर ते त्याच्याशी थेट बोलेनात. मला म्हणायचे, "मालती, त्याला भात हवाय का विचार." तो समोर बसलेला! दिनू एकदाच म्हणाला, "अप्पा, मी वाजवतो. खरंच वाजवतो." अप्पा भिंतीकडे बघून म्हणाले, "मग दाखव म्हणावं वाजवून." कशावर दाखवणार? चेलो बोटीवर. इथे कुणाकडे मागायला जाणार? मी त्याला आत नेऊन झापलं, "काय ते एकदा कबूल करून मोकळा हो ना! ते झुरतायत." तो म्हणाला, "कबूल काय करू? खोटं बोललोच नाहीये." आणि माझ्याकडे न बघता बोलला, म्हणून माझा विश्वास बसला नाही.

गणपती आले. आमच्या मंडळाची पंगत म्हणजे कलकत्त्यातलं झाडून सगळं मराठी माणूस एका अंगणात. बदलीवर आलेले साहेब, आमच्यासारखी इथली मुरलेली घरं, धड मराठी न बोलता येणारी पोरं. वाढायला तरुणांनी उभं राहायचं आणि कुणी काय वाढायचं ते अप्पा ठरवायचे. त्या दिवशी अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमटी दिनकर वाढेल." परीक्षाच की ही! आमटी वाढणं सगळ्यांत अवघड. काठोकाठ भरलेली पितळी बादली, गरम, पानं खाली जमिनीवर, पंगतीमधून चालायला जेमतेम पाऊलभर जागा. हाताला सवय असली की चार पावलांत कळतं. अप्पा स्वतः पानावर बसले आणि त्याच्यावरून नजर काढेनात. मीही खांबाला टेकून बघत होते. दिनूनं एका हातानं बादली उचलली, अंग जरा तिरकं केलं आणि निघाला... बादलीतली आमटी हलत नव्हती हो! एवढी माणसं, मध्येच उठणारी पोरं, कुणाचा हात आडवा, कुणाचं उपरणं लोंबतंय, आणि हा आपला पळी बुडवतोय, ओततोय, पुढे सरकतोय. अप्पांचा चेहरा काळवंडत चालला. शेवटी तो त्यांच्या समोर आला. अप्पांच्या शेजारी केळकरसाहेब, नवंकोरं रेशमी सोवळं नेसून मानाच्या पानावर बसलेले. दिनूनं अप्पांकडे एकदा पाहिलं. पुढच्या क्षणी पाय घसरला की काय झालं, बादलीत उरलेली कोमट आमटी सगळी साहेबांच्या मांडीवर!

साहेब "अरे अरे अरे" करत उभे राहिले. दिनू सावरायला गेला तो मठ्ठ्याच्या पातेल्यात कोपर घालून बसला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि अप्पा... अप्पा हसत होते. असे अप्पा मी पाहिले नव्हते, डोळ्यांतून पाणी, ठसका लागलेला, एका हातानं साहेबांची माफी मागतायत आणि दुसऱ्यानं मांडीवर थापा मारतायत. "अहो, हा कुठला वेटर! याला पहिल्याच बंदरावर उतरवला असता!" मग दिनूकडे वळून म्हणाले, "दिन्या, ठेव ती बादली. इकडे ये, माझ्याजवळ बस." किती दिवसांनी ते त्याच्याशी थेट बोलले होते. दिनू मठ्ठ्यानं निथळत त्यांच्या शेजारी बसला आणि अप्पांनी आपल्या पानातला मोदक त्याला दिला.

दीड-दोन वर्षांनी अप्पा गेले ते समाधानानं. शेवटपर्यंत सांगत होते, माझा मुलगा बोटीवर चेलो वाजवतो. पुढे ती बोट भंगारात निघाली, दिनू कायमचा घरी आला आणि बराकपूरच्या एका शाळेत मुलांना संगीत शिकवायला लागला. लग्न केलं नाही. आई गेल्यावर तो आमच्याकडेच जेवायचा, टेबलक्लॉथ ओला करून. मी विचारायची, "काय रे, मुद्दाम ना?" तो म्हणायचा, "पाय घसरला ताई." मी विचारत राहिले, तो घसरत राहिला.

मागच्या रविवारी दारात एक गृहस्थ आले. केस पिकलेले, हातात टोपी. फर्नांडिस, त्या फोटोतले डावीकडून दुसरे. बातमी उशिरा कळली म्हणाले. अर्धं हिंदी, अर्धं गोव्याकडचं बोलत होते. आम्ही काय वाजवायचो, चहाच्या वेळी, जेवणाआधी, दिवाणखान्यात, गोरे लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे... मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे तर शब्दन्‌शब्द दिनूचंच. ठरवून पाठ केल्यासारखं. तरी चहाला बसा म्हटलं. शिऱ्याची बशी आणायला आत गेले आणि ती घेऊन येताना सवयीनं दारातूनच पाहिलं. फर्नांडिस भांड्यात बोटं बुडवून टेबलक्लॉथवर पाणी शिंपडत होते. मग तळव्यानं कापड दाबलं.

मी बशी खाली ठेवली. "तुम्हीपण वेटर होतात?"

ते आधी पाण्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. नंतर जे सांगितलं त्यात तयार उत्तराचा सूर नव्हता. पहिली सफर निम्मी व्हायच्या आतच कंपनीला कळून चुकलं की लोकांना बसून ऐकायचं नाही, नाचायचंय. तरुण पोरांचा विजेच्या गिटारींचा बँड आणला. चौघांना सांगितलं, वेटर व्हा नाहीतर पुढच्या बंदरावर उतरा. काळे कोट तेच राहिले. पण वाद्यं कुणी परत मागितली नाहीत. दुपारची जेवणं उरकली की चहाची वेळ होईपर्यंत चौघं भांड्यांच्या खोलीत दार लावून वाजवायचे. रोज. ऐकायला कुणी नाही. "दिनकर म्हणायचा, बाबांना मी वाजवतो असं सांगितलंय, तेव्हा वाजवायलाच पाहिजे. एकही दिवस चुकवू द्यायचा नाही आम्हाला."

अप्पांना हे सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? कोण जाणे. हावड्याच्या फलाटावर सगळ्यांना सांगून बसलेला माणूस, त्याला भांड्यांच्या खोलीची गोष्ट कशी सांगायची, हे दिनूला सुचलं नसेल. मग एकच प्रश्न उरला होता. मी विचारलं, "वेटर म्हणून कसा होता तो? सांडायचा का कधी?"

फर्नांडिसना जवळजवळ रागच आला. "दिनकर? बाय, वादळात आमच्या बश्या फुटायच्या, आम्ही भिंतीला धरून उभे, आणि हा सूपचं भांडं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. कॅप्टनच्या टेबलावर म्हणूनच त्याला ठेवलेला. कधी एक थेंब सांडला नाही त्यानं."

ते गेल्यावर मी त्याच टेबलाशी बसून पोटभर रडले. मेल्या, एवढं सांगायला काय झालं होतं तुला? सगळ्या गावासमोर स्वतःचं हसं करून घेतलंस, आणि मी आयुष्यभर त्यावरून तुला छळलं तरी म्हणत राहिलास, पाय घसरला.

आता जेवायला बसताना मीच भांड्यात बोटं बुडवते आणि टेबलक्लॉथवर पाणी शिंपडते. तळव्यानं कापड दाबते. आमचे हे बघतात आणि जेवायला लागतात. ताट जागचं हलत नाही. भवानीपुरात ते एरवीही हललं नसतं.