चपलेपाशी विचारलेला प्रश्न

नसीमआपांची मुलाखत दोनदा संपायची. पहिल्यांदा संपायची ती टॅबवरचा शेवटचा प्रश्न झाला की. मग त्या टॅब पिशवीत घालायच्या, "चला, येते" म्हणत उठायच्या, दाराबाहेर एक चप्पल पायात सरकवायच्या आणि दुसरी सापडत नसल्यासारखं करत सहज काहीतरी विचारायच्या. "हा माठ नवा घेतला का गं?" किंवा "सासू दिसत न्हाई आज?" तासभर मोजूनमापून उत्तरं दिलेली घरातली बाई तिथं भडाभडा बोलायला लागायची. "असली जवाब चपलेपाशी मिळतो, बेटा," असं त्या मला सांगायच्या. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली, त्यांची वरिष्ठ. आमच्या अभ्यासक्रमात चपलेचा तास नव्हता, त्यामुळे पहिले काही महिने मी दारात उभी राहून नुसती घड्याळाकडे बघायची.

आपा मंठ्याच्या. घरात उर्दू, दारात मराठी. सासरचा पिढीजात धंदा बांगड्यांचा. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये लागला तेव्हा बांगड्यांची पेटी आपांकडे आली आणि पुढची वीसेक वर्षं त्या गावोगाव बांगड्या भरत फिरल्या. पुढे बायका बाजारातून आयत्या बांगड्या घेऊ लागल्या, धंदा बसला आणि आपा आमच्या संस्थेत सर्वेक्षणाच्या कामाला आल्या. त्यांना कामावर घेताना मी ऐटीत विचारलं होतं, "गावांची माहिती आहे का तुम्हाला?" तर म्हणाल्या, "नावं इसरते मी. मनगटं लक्षात हायेत. दोन-सहाच्या मापाची बाई दोन-चारवर आली, तर त्या घरात काय चालू हाय ते पुसायची गरज न्हाई पडत."

त्यांचा एक नियम मात्र फार कडक होता. ज्या घरी प्रश्न विचारायचे, त्या घरचा चहा घ्यायचा नाही. मराठवाड्यात हे जमवणं सोपं नाही; बायका रुसतात, शपथा घालतात. आपा पाण्याचा तांब्या घ्यायच्या आणि हात जोडायच्या. मला म्हणायच्या, "चहा पाजला की बाई पाहुणचारात शिरते. मंग आपल्याला बरं वाटंल तेच सांगते." त्यामुळे दिवसभर उन्हात फिरून आम्ही दोघी चहा प्यायचो तो थेट कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर, दोन-दोन कप.

आमचं काम असं होतं. गावातल्या सगळ्यांत गरीब बायकांना दोन-दोन शेळ्या द्यायच्या आणि दोन वर्षांनी बघायचं, की घर खरंच सावरलं का. पण घर शेळीमुळे सावरलं, की पाऊस बरा झाला म्हणून सावरलं, हे कळायचं कसं? त्यासाठी काही गावांना शेळ्या लगेच द्यायच्या, काहींना तूर्त द्यायच्या नाहीत आणि शेवटी दोन्हींची तुलना करायची. कुठल्या गावाला आता आणि कुठल्या गावाला नंतर, हे कोणाच्या मर्जीनं ठरवायचं नाही. चिठ्ठी टाकायची.

प्रशिक्षणात मी हे फळ्यावर बाण काढून समजावत होते आणि कोणालाही पटत नव्हतं. "चिठ्ठी कशाला? जे गाव जास्त गरीब त्याला आधी द्या की," एकानं विचारलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा बाण काढायला लागले. तेव्हा मागच्या रांगेतून आपा उठल्या.

"एक व्यापारी आल्ता माझ्याकडं. म्हणला, ही नवी बांगडी फुटत न्हाई. मी मागंल तिला भरली. म्हाताऱ्यांच्या टिकल्या, कापूस वेचणाऱ्या पोरींच्या फुटल्या. आता बांगडी चांगली का वाईट, काय समजायचं? मंग मी एकाच बाईच्या एका हातात जुनी भरली, एका हातात नवी. तरी डोकं खाऊन राह्यलं, उजवा हात तर जादा राबतो! मंग डोळे मिटून काडी उचलायची. लांब आली तर नवी उजव्या हातात, आखूड आली तर डाव्या. अशा लई बायकांना भरल्या."

"मग?" मी फळा सोडून विचारलं.

"मंग काय! नव्याच जादा फुटल्या. पेटी वापस केली त्याला."

वर्गात हशा पिकला आणि काम सुरू झालं. जे शिकायला मला दोन वर्षं आणि तीन जाड पुस्तकं लागली होती, ते ही बाई काड्या उचलून शिकली होती. मला तेव्हा थोडा रागच आला होता, हे आज कबूल करते.

रांजणवाडी आणि भोकरवाडी ही एकाच रस्त्यावरची दोन गावं. त्यांची चिठ्ठी कुंभार पिंपळगावच्या बाजारादिवशी सगळ्यांसमोर काढली. स्टीलच्या तांब्यात दोन चिठ्ठ्या, 'आता' आणि 'नंतर'. भोकरवाडीच्या बायकांनी कडूबाईला पुढे केलं. रोजंदारीवर जाणारी, नवरा गेलेली, एक मुलगी असलेली बाई. तिनं डोळे मिटून चिठ्ठी उचलली आणि निघालं 'नंतर'. मागून कोणीतरी म्हणालं, "हिचाच हात लागायचा व्हता." कडूबाई तो हात पदराखाली घेऊन उभी राहिली.

आपा तिच्याजवळ गेल्या आणि पदराखालचा तो हात त्यांनी बाहेर काढला. "चिठ्ठीला डोळे न्हाईत, कडूबाई. ह्या हाताचा काही गुन्हा न्हाई. शेळ्यांनी रांजणवाडीचं भलं झालं असं दिसलं, तर बाकीच्या गावांना देणार हायेत. न्हाई दिसलं तर योजना बंद. जे निघंल ते मी सोता येऊन सांगंन तुला. अच्छा निघो, बुरा निघो."

असं वचन द्यायचा अधिकार आपांना नव्हता. परतताना मी तसं सुनावलंही. त्या म्हणाल्या, "पुसायचा अधिकार हाय, मंग सांगायचा कसा न्हाई?"

दोन वर्षांनी शेवटच्या फेरीला आम्ही भोकरवाडीत गेलो. कडूबाईच्या घरावर नवे पत्रे होते, मुलगी कॉलेजला जात होती. आपांनी प्रश्न विचारले, मी शेजारी बसून ऐकलं. "तुमच्या मालकीच्या शेळ्या किती?" "एक बी न्हाई." शून्य भरलं, टॅब पिशवीत गेला. आपांनी एक चप्पल घातली आणि अंगणाकडे बघून विचारलं, "ह्या लेंड्या कोणाच्या गं?"

कडूबाई हसायलाच लागली. "रांजणवाडीच्या नणंदेची शेळी हाय. अर्धलीनं दिली मला." म्हणजे शेळी एकीची, सांभाळायची दुसरीनं आणि होतील ती करडं निम्मी-निम्मी. आमच्याकडे ही रीत घरोघर आहे. मला ती लहानपणापासून माहीत होती आणि प्रश्न लिहिताना मात्र आठवली नव्हती.

"मंग आता पुसलं तेव्हा न्हाई का म्हणली?"

"मालकीच्या किती, असं पुसलं तू. वाटणी होईस्तोवर मालकी नणंदेची. खोटं कसं बोलू?"

तो प्रश्न माझा होता. जालन्यात पंख्याखाली बसून मीच तो लिहिला होता.

त्या दिवशी आपा गावातल्या प्रत्येक दारात चपलेपाशी रेंगाळल्या. निम्म्या घरांतून तेच निघालं. ज्या गावाला आम्ही शेळ्या दिल्या नव्हत्या, तिथं शेळ्या नणंदांच्या, बहिणींच्या, विहिणींच्या हातून चालत आल्या होत्या. आमच्या कागदावर मात्र सगळीकडे शून्य.

स्टँडवर चहा समोर आला. फेरी संपत आली होती, बाकीच्या गावांच्या भरलेल्या प्रश्नावल्या वर पोचल्या होत्या आणि चूक माझ्या नावावर होती. मी म्हणाले, "आपा, हे इतक्यात कोणाला बोलू नका." हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते.

आपांनी कप खाली ठेवला. "बेटा, बांगडी भरताना फुटली की हाताला काच लागते. मी दुसरीकडं बघितलं म्हणून रगत थांबत न्हाई." मग हळू आवाजात, मला समजेल अशा बेतानं त्या बोलल्या, "भोकरवाडी शेळ्यांनी सुधरली. तुमचा कागद म्हणंल, शेळ्यांबिगर सुधरली. दोन्ही गावं सारखीच दिसत्याल. मंग वरचे म्हणत्याल, शेळ्या देऊन काय फायदा? बाकीच्या गावांचं 'नंतर' कधीच येणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना पत्र लिहिलं: प्रश्न चुकला, चूक माझी. बोलणी खाल्ली, वेळ वाढवून मिळाला आणि आम्ही सगळी गावं पुन्हा पायाखाली घातली. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढला: तुमच्या घरी दुसऱ्याचं जनावर सांभाळायला आहे का?

अहवालात सगळं नीट आलं. शेळ्यांचा उपयोग होतो आणि तो गावाच्या शिवेवर थांबत नाही, असं छापून आलं. योजना पुढे चालू राहिली. मी पेढे आणले. मग उरलेल्या गावांची यादी आली, आणि तिच्यावर शेरा होता की ज्या गावांत शेळ्या आधीच पोचल्या आहेत, त्यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. भोकरवाडी तळाशी होती. आम्ही खरं शोधून काढलं म्हणूनच ती तिथं गेली होती.

आपांनी यादी दोनदा वाचली आणि पेढा तसाच कागदावर ठेवला. "चला, सांगायला."

"फोन करू ना तिला," मी म्हणाले.

"अच्छा निघो, बुरा निघो म्हणले होते मी. अच्छं असतं तर फोनवर सांगितलं असतं."

त्या हिवाळ्यात आपा गेल्या. रमजानच्या आधी, झोपेतच. बातमी कळली तेव्हा मला त्यांच्या हातातली पेटी आठवली नाही, टॅबही आठवला नाही. यादीचं सांगायला गेलो ती भोकरवाडीची दुपार आठवली. ते आमचं एकत्र फिरलेलं शेवटचं गाव.

कडूबाई सुपात ज्वारी निवडत बसली होती. आपांनी काहीही गोड न करता सगळं सांगितलं. ती ऐकत खडे बाजूला काढत राहिली.

"म्हंजी आम्ही खरं बोललो म्हणून आम्हाला न्हाई भेटल्या."

"हो," आपा म्हणाल्या.

मी मध्ये पडून यादी, निकष वगैरे सुरू केलं, तर आपांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सूप बाजूला ठेवून कडूबाई म्हणाली, "पुसायला लई जण येतेत, आपा. सांगायला तू एकलीच आली."

आम्ही उठलो. आपांनी एक चप्पल पायात घातली, दुसरी पायानं चाचपडत होत्या. या वेळी प्रश्न आतून आला.

"आपा, त्या दिशी म्या दुसरी चिठ्ठी उचलली असती, तर आज कशी असते म्या?"

आपांनी माझ्याकडे बघितलं. गावंच्या गावं समोर ठेवा, मी सरासरी काढून सांगेन. एका बाईचं त्यातून निघत नाही.

आपांनी घातलेली चप्पल काढली, परत आत गेल्या आणि चुलीजवळ भिंतीला टेकून बसल्या.

"ते कुणालाच कळत न्हाई, कडूबाई," त्या म्हणाल्या. "चहा टाक."

कडूबाईनं फळीवरून दोन कप काढले.

"तीन काढ," आपा म्हणाल्या.