वाणाच्या पिशवीवरची ओळ

मैत्रिणींनो, तासाभरापूर्वी हळदीकुंकवाहून घरी आले. अजून साडीसुद्धा बदललेली नाही.

यंदा इस्लामपूरच्या आमच्या मंडळानं स्तनाच्या कॅन्सरची माहिती सांगायचं ठरवलं आणि वाण म्हणून गुलाबी पिशव्या दिल्या. वर छापलंय, ‘नवऱ्याला आवडतं ते जपा, आजच स्तन तपासा!’ बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

घरी थोरल्या जाऊबाई होत्या. भाऊजी वारल्यापासून त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही. त्यांनी पिशवी घेतली आणि सावकाश वाचली.

मग म्हणाल्या, “मला दिवाळीपासनं काखेजवळ गाठ लागतीया.”

“आवं, मग बोलला का नाही?”

“नवरा न्हाई, आता कशाला दाखवायचं, असं वाटलं. हितं बी तेच लिवलंय की.”

पिशवीची नीट घडी घालून त्यांनी माझ्याकडं दिली. “ठेव, तुझं वाण हाय.”

 

उद्या त्यांना मिरजेला दवाखान्यात नेतेय. पिशवी समोरच पडलीय. एवढंच सांगा, ती ओळ वाचून आपण सगळ्याजणी हसलो कशाला?