नालवाडीच्या हॅकर काकू

आमच्या वर्ध्यात इंटरनेट कोळून प्यालेल्या माणसाला सरसकट ‘हॅकर’ म्हणतात. नालवाडीत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या पन्नाशीच्या काकूही हॅकरच. माझ्या मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत संपायला दहा मिनिटं होती. काकूंनी सबमिट दाबलं आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरू लागलं.

“रिफ्रेश मारा न काकू,” सगळी रांग ओरडत होती.

काकूंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्या चक्राकडे बघत बसल्या. तेवढ्यात हिरवी खूण उमटली, पावती सरसर बाहेर आली, रांगेनं टाळ्या वाजवल्या.

“काय केलंत तुम्ही?” मी विचारलं.

“काईच नाई. लोकं मले हॅकर म्हणते, पण मले फक्त थांबता येते.”

पावती घेताना मी त्यांचे तळहात पाहिले. खुर्चीच्या वेताची जाळी त्यांवर लालभडक उमटली होती.