‘उतार’ लोकांच्या हातात गेला तेव्हा

गेम बनवताना किस्से घडत नाहीत, नुसती डोकेदुखी असते. किस्से सुरू होतात गेम लोकांच्या हातात गेल्यावर! आमच्या ‘उतार’ला बाजारात येऊन अजून वर्षही झालेलं नाही, पण कुठल्याही लग्नात चार ओळखीचे भेटले की मी सुरू होतो, आणि बायको जेवणाच्या रांगेत एकटीच जाऊन उभी राहते.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मुलुंड वेस्टला एका ड्रायक्लीनरच्या वर दोन खोल्या, त्यात तिघं. विनिता गेमची डिझायनर आणि खरीखुरी गिर्यारोहक. प्रसन्न प्रोग्रॅमर. आणि मी खेळाडूंच्या कमेंट्सना उत्तरं देणारा, म्हणजे पगारी शिव्या खाणारा.

गेम साधा आहे. चार गिर्यारोहक, एक बर्फाचा डोंगर. अन्न, दोर, तंबू, ऑक्सिजन सगळं मोजकं. कोणी काय उचलायचं, कुठे मुक्काम करायचा, कधी चढायचं हे तुम्ही ठरवायचं. चुकलात की माणूस गेला.

आणि एक नियम खास विनिताचा. जितके उंच जाल तितके मार्क, पण ते हातात पडणार चौघं जिवंत खाली आल्यावरच. शिखरावर झेंडा लावलात आणि उतरताना एक जरी गमावलात, तर शून्य. या एका नियमावरून काय काय झालं, तेच सांगायचंय.

*

पहिल्याच दिवशी एका खेळाडूची चारही माणसं पहिल्या सात मिनिटांत गेली. त्याने एवढी मोठी कमेंट लिहिली. गेम फालतू, बनवणारे फालतू, मुलुंड फालतू. मी त्याचा खेळ उघडून बघितला. पठ्ठ्याने बर्फ वितळवून चहा करायला कुठे थांबाच घेतला नव्हता. तहानेने माणसं कोसळली होती.

मी अत्यंत नम्रपणे लिहिलं, “आपण चहा घेतला नाहीत.”

त्याचं उत्तर आलं, “मी गेम खेळायला आलोय, चहा करायला नाही.”

पंधरा दिवसांनी त्याच माणसाने नव्या खेळाडूंसाठी एक मार्गदर्शक लेख टाकला, फोटोंसकट. विषय होता कुठल्या उंचीवर किती चहा करावा. आजही आमच्या फोरमवर सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख तोच आहे.

*

मग आला एका समीक्षकाचा व्हिडिओ. गेम समीक्षकांमध्ये हा माणूस म्हणजे हेडमास्तर. त्याने नापास म्हटलं की गेम पोरं उघडूनही बघत नाहीत. त्याने आम्हाला दहापैकी चार दिले. म्हणाला, “मी शिखरावर पोचलो आणि मला शून्य? हा गेम डोंगराला घाबरतो.”

आम्ही तिघंही एकाच स्क्रीनसमोर बसून ते बघत होतो. मी लगेच खालच्या कमेंट्स मोजायला लागलो. विनिता मात्र शांतपणे डबा उघडत म्हणाली, “घाबरायलाच पाहिजे.”

दुसऱ्याच दिवशी अंधेरीहून फोन. आमचा गेम विकणाऱ्या कंपनीचे प्रमुख राजाध्यक्ष साहेब, ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नव्हता, त्यांनी फर्मान काढलं. शिखर गाठलं की विजय, बास. एक महिना देतो, तोवर अपडेट काढून नियम बदला.

आम्ही मतं घेतली. प्रसन्नने बदलाच्या बाजूने हात वर केला. मीही केला. खोटं कशाला बोलू? मला नोकरी टिकवायची होती.

विनिता म्हणाली, “बदला. पण मग माझं नाव काढा. मी लोकांना वर नेऊन सोडणारी बाई नाही.” तिने डब्याचं झाकण लावलं आणि कामाला बसली. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, पण हात काही मी खाली घेतला नाही. निर्णय आम्ही महिन्याच्या शेवटावर ढकलला.

*

नॉर्वेच्या एका खेळाडूची तक्रार. गेममधल्या खाण्यात आम्ही गुळाची चिक्की ठेवली होती. वजनाला हलकी, शिजवायला नको, ताकद भरपूर. परदेशातले लोक पोतंभर चिक्की घेऊन डोंगर चढायला लागले होते! या गृहस्थाला संशय आला. त्याने भारतीय दुकान शोधून खरी चिक्की आणली, एक दिवस बाहेर बर्फात ठेवली आणि खाऊन बघितली. त्याची दाढ तुटली. आम्हाला तुकड्याचा फोटो आला, सोबत एक ओळ, की तुमच्या गेममध्ये चिक्की गोठत नाही ही चूक आहे.

प्रसन्न अशा बाबतीत फार प्रामाणिक. त्याने त्याच आठवड्यात दुरुस्ती सोडली, आणि खाली जाहीर लिहिलं: “चिक्की आता गोठते. दाढेबद्दल दिलगीर आहोत.”

*

हाच प्रसन्न उंचीला इतका घाबरतो की माळ्यावरची पेटी काढायला बायको चढते. एका मासिकाला आमचे फोटो हवे होते, डोंगरावरचे. डोंगर राहिला, निदान बिल्डिंगच्या गच्चीवर चला म्हटलं, तर तो जिन्यातच थांबला. बातमीदार मुलीने विचारलं, तुम्ही आजवर कुठली शिखरं केलीत?

“मी सरकता जिना बंद असला तर परत फिरतो,” प्रसन्न म्हणाला.

मुलीने तेच मथळ्यात टाकलं. विनिता म्हणाली, ऑफिसात माझा नियम खऱ्या अर्थाने पाळणारा हा एकटाच!

*

आता सावंतकाका. आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात, मूळचे मालवणचे, रिटायर्ड. गेम बाजारात आला त्याच आठवड्यात त्यातल्या वादळाच्या आवाजाची तक्रार करायला आले आणि गेम खेळायला बसले. रोज दुपारी चार ते सहा. आम्ही त्यांना सगळ्यात अवघड लेव्हल दिली, म्हटलं कंटाळून जातील.

काका तीन आठवडे बेस कॅम्पच सोडेनात. रोज यायचे, आभाळ बघायचे, माणसांना जेवू घालायचे आणि घरी जायचे. मी म्हटलं, काका, चढा की. ते म्हणाले, “हवा बरी नाय. माझी चारय माणसां जिती आसत, तां बघ.”

चौथ्या आठवड्यात एका मंगळवारी त्यांनी चष्मा पुसला आणि माणसं काढली. थोडं वर, थोडं खाली, परत थोडं वर. शुक्रवारी काकांची चौघं शिखरावर होती. पुढच्या बुधवारी चौघंही खाली. तोवर जगात कोणीही ती लेव्हल पार केली नव्हती! प्रसन्नने तीन वेळा आकडे तपासले. मी विचारलं, काका, हे जमवलंत कसं?

“घाई कोणाक आसा?” म्हणून ते घरी गेले.

काकांचा तो खेळ आम्ही जसाच्या तसा फोरमवर टाकला. मग मात्र आगच लागली. मुलुंडच्या आजोबांना जमतं ते आपल्याला जमेना म्हणून अख्खी दुनिया पुन्हा चढायला लागली.

*

त्यात ते हेडमास्तरही आले. रविवारी दुपारी त्यांनी लाइव्ह खेळायला घेतलं, हजारो लोक बघतायत. चौघांना नावं दिली होती आई, ताई, बायको आणि स्वतःचं. शिखर हाताच्या अंतरावर, आणि डावीकडून काळे ढग. चॅटमध्ये नुसता पाऊस, चढ, चढ, चढ!

त्यांनी माउसवरचा हात काढला. आम्ही ऑफिसात स्क्रीनला चिकटून उभे. मग ते हळूच म्हणाले, “ताईला नाही पाठवणार मी.” आणि परत फिरले.

उतरायला दोन तास लागले. एकही माणूस चॅट सोडून गेला नाही. चौघं तंबूत शिरली तेव्हा त्यांनी डोळे पुसले, अगदी उघड. म्हणाले, नऊ देतो, आणि माझा जुना व्हिडिओ काढणार नाही, मी किती घाईत होतो ते लोकांना दिसू दे. प्रसन्नने मला उचललं. मी विनिताला म्हटलं, माझं चुकलं गं. ती म्हणाली, माहितीये, बस खाली.

*

पण आनंद अर्धाच होता. सोमवारी महिना संपत होता, आणि राजाध्यक्ष साहेब व्हिडिओ बघून मत बदलणाऱ्यातले नव्हते. आम्ही तिघं रिक्षाने अंधेरीला गेलो. नियम बदलायचा तर नाव काढून टाका असं पत्र विनिताने टाइप करून आणलं होतं. यावेळी आम्हा दोघांच्याही सह्या त्याखाली होत्या.

केबिनमध्ये साहेब लॅपटॉपसमोर, चष्मा कपाळावर. दाढी केलेली नव्हती. विनिताने पत्र पुढे केलं. त्यांनी बघितलंही नाही.

“ते नंतर,” ते म्हणाले. “शिखर कालच झालं माझं. पण एक जण कॅम्प तीनवर अडकलाय, पाय मोडलाय त्याचा. आणि हे वादळ दाखवतंय. त्याला खाली कसं आणू?”

दार उघडून सेक्रेटरी म्हणाली, सर, मीटिंगला सगळे थांबलेत. साहेबांनी मान वर न करता हातानेच तिला थांबवलं.

विनिताने खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली.

“दोर किती उरलाय?” तिने विचारलं.